मळणारीचा हात

विटांची भट्टी सोडून कारखान्याच्या खोलीवर गेलं तर आपल्या पदरात काय पडेल, हे थोरलीनं कुणी विचारायच्या आधीच मनात मांडून ठेवलं होतं. खोलीत नळ, म्हणजे नदीच्या फेऱ्या वाचल्या आणि कमरेची कळ वाचली. डोक्यावर पत्रा, म्हणजे पाऊस आला की भांडी घेऊन घरभर नाचायला नको. ताटात राख नाही, अंथरुणात राख नाही, केसांत राख नाही. पण हे सगळं वरकड. मुद्दल एकच होतं, ते म्हणजे नवऱ्याची छाती.

थोरला भट्टीची आग सांभाळायचा. विटा रचून, वरून लिंपून एकदा भट्टी पेटली की ती निवेपर्यंत तो तिच्याजवळून हलत नसे. कुठल्या तोंडात भुसा टाकायचा, कुठलं तोंड मातीनं बुजवायचं, हे तो धुराच्या रंगावरून ओळखायचा. इतक्या वर्षांत गिळलेला धूर आता खोकल्यातून थोडा थोडा परत निघत होता. गावातला डॉक्टर म्हणाला होता, "औषध देतो, पण खरं औषध म्हणजे धुरापासून लांब राहा."

"मी कुठं जातो त्याच्याकडं? तोच येतो माझ्याकडं," थोरला म्हणाला.

डॉक्टर हसला. थोरली हसली नाही.

घरात माणसं चार. सासरे, थोरला, थोरली आणि धाकटा दीर. सासू जाऊन बराच काळ झाला होता आणि थोरलीची एकुलती मुलगी दिल्या घरी होती. सासऱ्यांना मुलं आबा म्हणायची, गाव मात्र विचारूआबा म्हणायचं. कारण कुठलीही गोष्ट काढा, आबांचं उत्तर ठरलेलं: "देवाला विचारू." शिंक आली तरी हा माणूस आधी वर बघतो, मग शिंकतो, असं गावात म्हणत. आबांच्या कानावर ते गेलं होतं. ते म्हणाले, "वर बघितल्यावर शिंक सोपी येते. करून बघा."

त्या वर्षी पाऊस अवेळी आला. माती मळून झाली होती, साचा फिरून झाला होता, अंगणभर कच्च्या विटांच्या रांगा उन्हाला टाकल्या होत्या. दुपारी वारा सुटला आणि ढग असे आले की जणू कुणी हाकलत आणलेत. चौघं प्लास्टिकचे कागद घेऊन धावले. कागद कमी, विटा जास्त. वाऱ्यानं कागद उडवले. धाकटा एकाच्या मागं पळत गेला, तो कागद बाभळीत अडकून टराटरा फाटला. थोरला एका रांगेवर स्वतःच आडवा पडला. पाठीवर पाऊस घेत, खोकत, पोटाखालच्या विटा वाचवत राहिला. उठला तेव्हा पोटाखाली विटा नव्हत्या, चिखलाचा गारा होता आणि सदऱ्यावर चौकोनांच्या खुणा होत्या.

थोरलीनं त्याला आत नेऊन अंग पुसलं. छातीवर हात ठेवला, तर आत कुणीतरी रिकामं घमेलं खरवडतंय असं वाटलं.

आबा बाहेर चिखलात उकिडवे बसले होते. एक वीट त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. ती बोटांमधून ओघळून गेली. मग दुसरी उचलली.

"आबा, आत या," धाकटा म्हणाला.

"बघतो, एखादी राहिली असेल."

एकही राहिली नव्हती. हे त्यांनाही कळत होतं, पण सगळं अंगण तपासल्याशिवाय ते उठले नाहीत.

पाण्यानं अर्धं काम केलं होतं, उरलेलं अर्धं गिऱ्हाइकांनी केलं. वीट घेणारे हल्ली सिमेंटचे ब्लॉक घेऊ लागले होते. आकार मोठा, भिंत लवकर उठते. ज्या गवंड्यानं आयुष्यभर आबांची वीट घेतली, तोही एके दिवशी सायकलवरून न उतरता पुढं गेला. नुसता हात केला. आबा बराच वेळ त्या हाताकडं बघत राहिले.

आणि मग ब्लॉकच्या कारखान्याचा मुकादम आला. मोटारसायकल लावून त्यानं आधी अंगण बघितलं, मग माणसं. बाजारात बैल बघतात तसा त्यानं धाकट्याचा दंड चाचपला.

"तिघंही गडी घेतो," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला हलकं काम. खोली देतो, खोलीत नळ. बाजारच्या दिवशी आमची गाडी इकडून जाईल. चढलात तर खोली तुमची, नाही चढलात तर दुसऱ्याची."

"विचारून सांगतो," आबा म्हणाले.

"कुणाला?"

धाकट्यानं वर बोट दाखवलं. मुकादमानं छपराकडं बघितलं. "वर कोण राहतं?"

मुकादम गेल्यावर धाकटा उसळला. "यात विचारायचं काय आहे आबा? इथं चिखल, तिथं नळ. आंधळ्यालाही दिसतंय."

"आंधळ्याला दिसतं म्हणूनच विचारायचं," आबा म्हणाले. "डोळस माणूस दिसेल तिकडं धावतो. तुझ्या आजोबांनी इथं भट्टी घातली ती विचारून. वाट दिसेना झाली की त्यानं दाखवलीय. आता दिसेना झालीय."

त्यांचं विचारणं असं असायचं. एकाच मातीचे दोन गोळे मळायचे, नारळाएवढे. एक 'हो'चा, एक 'नाही'चा. एकावर अंगठ्याचा ठसा उमटवायचा, म्हणजे कुठला कुठला ते कळावं. दोन्ही उन्हात ठेवायचे. जो तडकला ती वाट देवाला नामंजूर. जो अखंड राहिला ती वाट आपली. आजोबांनी जागा अशीच ठरवली होती, आबांनी नदीकाठची मातीची खाण अशीच ठरवली होती. थोरलीही या घरात अशीच आली होती. तेव्हा दोन मुली सांगून आल्या होत्या. दुसरीचा गोळा तडकला. थोरला अजून चिडवायचा, "तुझं नशीब, त्या दिवशी ऊन तिच्या बाजूला होतं."

मळायचं काम घरातल्या बाईचं. सासू होती तोवर ती मळायची. एकदा माती तुडवता तुडवता सासू थोरलीला म्हणाली होती, "देव ऊन पाठवतो. मळणारीचा हात तो बघत नाही." आणि एवढं बोलून, गंमत केल्यासारखी, पदरात तोंड लपवून हसली होती. तेव्हा थोरली नवी होती. सासू हसली म्हणून तीही हसली.

आता मळायची पाळी तिची होती. आबांनी नदीकाठची माती आणून दिली आणि ते बाहेर जाऊन ओट्यावर पाठ करून बसले. मळताना बघायचं नाही, असा त्यांचाच नेम होता. थोरला आत पडला होता. खोकल्याची उबळ आली की भांड्यांवरचं झाकण हलायचं.

पहिला गोळा तिनं राहण्याचा मळला. नीट, चिकट, जशी माती तशी. मग दुसरा घेतला. शेजारीच साच्याला मारायची वाळू होती, बारीक चाळलेली, घमेलंभर. वीट साच्याला चिकटू नये म्हणून आतून ही वाळू मारायची असते. आणि नुसती चिकट माती उन्हात आकसून तडकते, वाळू पडली की ती शांत राहते, हे वीटवाल्याच्या घरात पोरांनाही कळतं. त्यात विद्या काही नव्हती. तिनं एक मूठ घातली. थांबली. आणखी एक घातली.

बाहेर आबांनी घसा साफ केला, तशी तिनं वाळू घाईनं मातीत दाबली, पापाच्या भीतीनं नव्हे, आबांच्या. देवाबद्दल तिचा विचार सरळ होता. त्याला वाळू कळणार, हे खरं. पण त्याला तो आतला खोकलाही कळतच होता. तिथं तो गप्प बसला, मग इथंही बसेल.

जाण्याच्या गोळ्यावर तिनं अंगठा दाबला आणि दोन्ही बाहेर ठेवले.

नंतर घरात जो तो त्या बाजूला न बघण्याचं सोंग करत होता. धाकटा काही ना काही निमित्तानं तिकडून जायचा.

"भाऊजी, सावली पाडू नका गोळ्यांवर," थोरली म्हणाली.

"वहिनी, मी देवाच्या मधे येत नाही. फावडं शोधतोय."

"फावडं हातात आहे तुमच्या."

राहण्याचा गोळा वरून खालपर्यंत तडकला, पिकल्या फळासारखा. जाण्याचा अखंड राहिला. आबांनी तो उचलला. तळहातावर फिरवला, अंगठ्याच्या ठशावरून स्वतःचा अंगठा नेला. मग बोटं एकमेकांवर चोळली, हळू, पुन्हा पुन्हा, धान्य पारखताना चोळावीत तशी.

"जायचं," आबा म्हणाले आणि गोळा मातीच्या ढिगावर ठेवून आत गेले.

बाजारच्या दिवशी गाडी आली. भांडी, अंथरुणं, आणि आबांचा साचा. "तिथं साचा काय करायचाय?" धाकट्यानं विचारलं. आबांनी तो मांडीवर घेतला. कुलूप लावण्यासारखं मागं काही नव्हतं. गाडी हलली तेव्हा थोरला बायकोच्या कानाशी म्हणाला, "चला, तुला नळ मिळाला."

खोली होती आणि नळही होता. पहिल्याच दिवशी थोरलीनं त्याखाली हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मागची बाई म्हणाली, "लग्न लावायचंय का नळाशी? सरका." खोलीतला नळ म्हणजे ओळीतल्या सगळ्या खोल्यांचा मिळून एक नळ, तो यांच्या दारात, एवढंच. पत्रा गळत नव्हता, पण दुपारी तापला की खाली बसवत नसे.

कारखान्यात धूर नव्हता. मुकादम खोटं बोलला नव्हता. तिथं भुकटी होती. दगडाची भुकटी, राख, सिमेंट, सगळं मिसळायच्या यंत्रात ओतायचं आणि यंत्र हादरे देत ब्लॉक पाडायचं. सकाळी काळे केस घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी म्हातारा होऊन यायचा. मुकादमानं थोरल्याकडं बघून विचारलं, "तू काय करायचास?"

"आग सांभाळायचो."

"इथं आग नाही. यंत्राच्या तोंडाशी उभा राहा. तोंड सांभाळायची सवय आहे तुला."

माणसं हसली. थोरलाही हसला. त्यानं तोंडाला फडकं बांधलं. ते फडकं थोरली संध्याकाळी धुवायची तेव्हा पाणी दुधासारखं जायचं, आणि ते फडकं जे अडवू शकलं नाही, ते कुठं गेलं, हा विचार ती करायची नाही. म्हणजे करायची, पण नळ जोरात सोडून.

आबांचं काम खरोखर हलकं होतं. ताज्या ब्लॉकांना दिवसभर पाणी मारायचं. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. पहिल्या दिवशी आबांच्या हातात पाइप दिला तेव्हा त्यांनी तो बाजूला धरला, जमिनीवर पाणी सोडलं. ब्लॉकांवर धरवेना.

"ए म्हाताऱ्या, जमीन उगवायचीय का?" मुकादम ओरडला. "ब्लॉकवर मार."

आबांनी पाइप वळवला. पाणी पडलं तसे ते अंग चोरून उभे राहिले, आता ओघळतील म्हणून. ओघळले नाहीत. संध्याकाळी ते सुनेला म्हणाले, "जन्मभर ज्याच्यापासून विटा लपवल्या, त्याचीच चाकरी करतोय. त्याच्या मनात काय असतं, कळत नाही."

"कुणाच्या? मुकादमाच्या?"

"त्याचं कळतं."

धाकटा लवकर रुळला. तो आधी गाडीत ब्लॉक भरायचा, मग गाडीवर क्लीनर झाला, मग गाडीबरोबर जायला लागला. आधी संध्याकाळी परत यायचा, मग आठवड्यानं, मग निरोपच यायचा. निरोपात म्हणायचा, आबांना सांगा, देवानं बरोबर वाट दाखवली. त्याच्यापुरतं ते खरंही होतं. त्याची वाट डांबरी होती.

थोरला एका सकाळी यंत्रापाशी घमेलं उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. श्वास आत जाईना, बाहेर येईना. दोघांनी धरून खोलीत आणला. डॉक्टर वेगळा होता, बोलणं तेच होतं. फक्त धुराच्या जागी त्यानं धूळ म्हटलं. आणि पूर्वीचा डॉक्टर हसला होता, हा हसला नाही.

त्यानंतर थोरला भिंतीला टेकून बसून राहायचा. आडवा झाला की बुडाल्यासारखं व्हायचं, म्हणून झोपही बसूनच. बोलायला श्वास लागतो, म्हणून तो मोजकं बोलायचा, पण सवय जात नव्हती. थोरली पाणी भरून आत आली की विचारायचा, "नळ... बरा आहे ना?"

तो चिडवत होता. निदान आधी चिडवत होता. पुढं पुढं त्या प्रश्नात काय आहे, हे तिला कळेनासं झालं.

मुकादम दारात आला, आत आला नाही. "हे बघा ताई, मी वाईट माणूस नाही. पण खोली हातांना दिलेली आहे. तीन हात म्हणून खोली. एक गाडीवर गेला, एक बसला. म्हाताऱ्याच्या पाइपावर खोली मिळत नाही."

"यंत्रापाशी मी उभी राहते."

त्यानं तिचे दंड बघितले. चाचपले नाहीत, एवढी लाज त्यानं राखली. "उद्यापासून," म्हणाला.

नवऱ्याचं फडकं तिनं तोंडाला बांधलं. थोरला ते बांधताना बघत होता. त्यानं हात वर केला, गाठ मानेच्या खाली सरकलेली दाखवली. तिनं ती वर घेतली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आबांनी कुठून तरी माती आणली. नळाचं पाणी वाहून जातं त्या गटाराच्या काठची, भुरकट, सिमेंटचा अंश असलेली. खोलीच्या दारात ओतली आणि म्हणाले, "सूनबाई, दोन गोळे मळ."

ती भांडी घासत होती. "कशाला?"

"थोरला म्हणतो, परत नेऊन टाका मला भट्टीवर. इथं राहायचं की जायचं, विचारू."

भट्टीच्या जागेचं त्यांना कळलं होतं. छप्पर बसलं होतं आणि मातीची खाण कुणी कचऱ्यानं भरून टाकली होती. इथली खोली तिच्या हातांवर टेकली होती. म्हणजे दोन्हीकडं काय आहे हे उघड होतं, आणि आबा तरीही विचारणार होते.

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "मामंजी, मला मळायला सांगू नका. मागच्या वेळी मी..."

"दोन मुठी," आबा म्हणाले.

तिनं ओले हात पदराला पुसले.

"जास्त नसेल. दोन मुठी होती. हात लावला तेव्हाच कळलं. जन्म मातीत गेला माझा, वाळू कळायची नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या सासूनंही घातली होती. तुझ्या गोळ्यात. ती दुसरी मुलगी तिला पसंत नव्हती." ते मातीत बोट घालून रेघ ओढत राहिले. "मी म्हणायचो, देव काही खाली उतरून माती मळत नाही. कुणाच्या तरी हातानंच मळतो. तिच्या हातात त्यानं वाळू दिली, तुझ्या हातात दिली. असं म्हणत आलो."

"आणि तुमच्या मनात काय होतं? त्या दिवशी?"

आत थोरल्याचा श्वास ऐकू येत होता, चाळणीतून खडी चाळावी तसा.

"गुडघे गेले होते माझे," ते म्हणाले. "साचा उचलवत नव्हता. बापानं घातलेली भट्टी मी मोडली, असं म्हणवेना. बोटाला वाळू लागली, तेव्हा बरं वाटलं."

थोरलीला वाटलं, आता आपल्याला राग येईल. ती वाट बघत राहिली, पण तो आला नाही. राग यायला समोर कुणीतरी जिंकलेलं लागतं.

"या वेळी वाळू घालू नकोस," आबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला नाही, नुसता बारीक झाला. "या वेळी मला खरंच काही माहीत नाही."

तिनं मळले. दोन्ही सारखे, दोन्ही नीट, मन कुठल्याच बाजूला न कलू देता. ते कठीण नव्हतं, कलायला बाजूच नव्हती. एकावर अंगठा दाबला. दोन्ही दारात, पत्र्याच्या कडेला उन्हात ठेवले आणि ती आत जाऊन नवऱ्याच्या पाठीला पाठ लावून बसली, म्हणजे त्याला टेकायला भिंतीपेक्षा मऊ काही असावं.

"काय... विचारतात?" थोरल्यानं विचारलं.

"जायचं का राहायचं."

तो बराच वेळ श्वास गोळा करत होता. "मला... विचार की."

"काय?"

त्यानं मान हलवली. तेवढ्यापुरता श्वास संपला होता.

ऊन उतरायच्या आधी दोन्ही गोळे तडकले. आधी ठशाचा, मग साधा. अंगठ्याच्या ठशाचे तर दोन तुकडे झाले. आबा त्यांच्यापुढं उकिडवे बसले, अवेळी पावसानंतर अंगणात बसले होते तसेच. एक तुकडा त्यांनी उचलला, बोटांनी चोळला. वाळूचा कण नव्हता.

"दोन्ही नको म्हणतोय," थोरली म्हणाली.

"नाही," आबा म्हणाले. "थांबा म्हणतोय. वाट दाखवायच्या आधी तो थांबवतो. सांगेल."

"कुठं थांबायचं मामंजी?"

आबांनी वर बघितलं. वर पत्रा होता.

थोरल्यानं मग फार वाट बघितली नाही. नळाला पाणी आलं होतं, दारात बायका भांडी घेऊन रांगेत भांडत होत्या. थोरली आपली घागर भरून आत वळली. त्यानं काही विचारलं नाही. घागर खाली ठेवून ती जवळ बसली, आणि मग त्याच्या तोंडावरची भुरकट पापडी ओल्या पदरानं पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं तिला सुट्टी दिली आणि तिसऱ्या दिवशी बोलावलं. आबा पाइप घेऊन पुढं गेले. जाताना म्हणाले, "त्याच्या मनात काहीतरी असेल सूनबाई." तिनं फडकं बांधलं, गाठ वर घेतली. आता ती सरकली तर दाखवायला कुणी नव्हतं.

तेव्हा शेवटी जमा-नावे असं झालं. धाकट्याला रस्ता मिळाला. मुकादमाला खोकणाऱ्या माणसाच्या जागी न खोकणारी बाई मिळाली. आबांना भट्टी सोडायची होती, ती त्यांच्या हातून न सुटता सुटली, आणि देवही त्यांच्याकडंच राहिला. थोरलीला नळ मिळाला. भरलं ते थोरल्यानं, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. उरलेलं थोरली भरते आहे. सासऱ्यांना देवावर रुसता येतं, संध्याकाळी ते रुसतात, सकाळी समजूत काढून घेतात. ती रुसायला गेली की तिला आपलीच मूठ दिसते, चाळलेल्या वाळूनं भरलेली, आणि दुसऱ्यांदा घमेल्याकडं जाणारी.